बॅरिस्टरांच्या हातची चप्पल

मुलांनो, श्रीरामपूरच्या आसपासचा मुलूख आज कालव्याच्या पाण्याने हिरवागार झालेला तुम्हांला दिसतो. प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि या बाजूस उसाचे मळे वाढत गेले. परंतु जेथवर कालवा पोहोचला नव्हता, तेथे पुढेही कित्येक वर्षे विहिरीचे पाणी मोटेनेच काढीत. बैलांची जोडी धावेवरून उतरू लागली म्हणजे भरलेली मोट वर येई व थारोळ्यात पाणी ओतून रिकामी होई. ही मोट चामड्याची असे. लोखंडी पत्र्याच्या मोटा मागाहून आल्या. मोट उसवली की पाणी वाटेतच गळे, आणि भर उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली तर पीक हातचे जाई. म्हणून मोट शिवणारा कारागीर हा बारा बलुतेदारांपैकी एक, गावच्या शेतीचा मोठाच आधार होता. आसुडाची वादी, बैलाच्या गळ्यातील घुंगरांचा पट्टा, शेतकऱ्याच्या पायातील वहाण, हे सारे त्याच्याच हातचे असे.

असे असूनही त्याचे घर गावाच्या कडेला असे. त्याने शिवलेली वहाण घालून लोक देवळाच्या पायरीपर्यंत जात, ती तेथे उतरवीत आणि आत जाऊन दर्शन घेत. वहाण शिवणाऱ्यास मात्र आत जाण्याची मुभा नव्हती. चामड्याचे काम हलके आणि ते करणारा माणूसही हलका, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. आणि ती केवळ आपल्या प्रांतात नव्हती, गुजरातेत व उत्तर हिंदुस्थानातही तशीच होती. अशा देशात जन्मलेल्या एका दिवाणाच्या मुलाने, विलायतेत शिकून आलेल्या बॅरिस्टराने, वयाच्या चाळिशीत हाती आरी आणि रापी धरून चप्पल शिवण्याचे पहिले धडे घेतले. ते बॅरिस्टर म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. त्यांच्या राजकारणाची हकिकत तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचता. येथे त्यांच्या हातांची हकिकत सांगावयाची आहे.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी काठेवाडात पोरबंदर येथे झाला. वडील करमचंद हे संस्थानचे दिवाण होते. आई पुतळीबाई अत्यंत धर्मनिष्ठ, व्रतवैकल्ये कडकपणे पाळणारी. घरी शौचकूप साफ करण्यासाठी उका नावाचा एक मनुष्य येत असे. त्याचा स्पर्श झाला तर स्नान केले पाहिजे, असा आईचा दंडक होता. लहानगा मोहन आईची आज्ञा पाळी. परंतु उकाला शिवल्याने पाप कसे लागते, हा प्रश्न त्याच्या मनातून जात नसे, आणि तो आईशी त्याबद्दल वादही घाली. आईवर त्याचे निरतिशय प्रेम होते. तरीही या एका बाबतीत तिचे म्हणणे त्याला कधीच पटले नाही.

१८८८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मोहनदास कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथे आरंभी त्यांना साहेबांसारखे सभ्य गृहस्थ होण्याची हौस वाटली. उंची कपडे शिवले, रेशमी टोपी घेतली, एका सत्राचे तीन पौंड भरून नाच शिकावयास सुरुवात केली. पियानोच्या तालावर पाय काही केल्या पडेनात. ताल कानात बसावा म्हणून आणखी तीन पौंड खर्चून व्हायोलिन विकत घेतले आणि त्याची शिकवणी लावली. तेही जमेना! थोड्याच महिन्यांत त्यांचे त्यांनाच उमगले, की आपण येथे विद्यार्थी म्हणून आलो आहोत आणि हा खटाटोप केवळ दिखाव्याचा आहे. नाच सुटला, व्हायोलिन विकले. १८९१ साली ते बॅरिस्टर होऊन परत आले. हा प्रसंग वाचून हसू येते खरे. परंतु हा मनुष्य उपजत हुशार हातांचा नव्हता, हे ध्यानात ठेवावे. त्यांना कोणतीही कला सहज साध्य झाली नाही.

१८९३ साली एका व्यापारी पेढीच्या खटल्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. एका वर्षाचे काम होते. राहिले सुमारे एकवीस वर्षे. तेथे हिंदी लोकांना पदोपदी अपमान सोसावे लागत. गांधीजींनी त्या अन्यायाविरुद्ध लढा आरंभला. त्याच सुमारास आपले काम आपण करावे, असा ध्यासही त्यांनी घेतला. धोब्याचा खर्च फार, शिवाय कपडे वेळेवर मिळत नसत; म्हणून धुलाईचे पुस्तक आणून ते स्वतः कपडे धुण्यास शिकले. पहिल्याच दिवशी गळपट्टीला, म्हणजे कॉलरला, खळ जास्त झाली आणि जळेल या भीतीने इस्त्री पुरती तापवली नाही. ती गळपट्टी घालून ते न्यायालयात गेले. तिच्यावरून खळीचे पापुद्रे खाली पडू लागले, तेव्हा सोबतचे वकील मोठ्याने हसले. पुढे प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने काळ्या माणसाचे केस कापण्यास नकार दिला. गांधीजींनी बाजारातून यंत्र आणले आणि आरशासमोर उभे राहून स्वतःचे केस स्वतःच कापले. पुढचे कसेबसे जमले, मागचे पार बिघडले. न्यायालयात पुन्हा थट्टा झाली. केस उंदरांनी कुरतडले की काय, अशी पृच्छा मित्रांनी केली. या हसण्याने गांधीजी खट्टू झाले नाहीत. त्या न्हाव्यावरही ते रागावले नाहीत. आपल्या देशात आपणच कितीतरी माणसांना न्हाव्यापुढे बसू देत नाही, हा विचार त्यांच्या मनात आला.

१९०४ साली त्यांनी डर्बनजवळ फिनिक्स येथे वसाहत स्थापन केली. तेथे छापखाना होता. यंत्र बंद पडले तर मोठे चाक हाताने फिरवून वर्तमानपत्र छापीत. मजुराचे काम आणि वकिलाचे काम सारख्याच मोलाचे, हा विचार इंग्रज लेखक रस्किन यांच्या ग्रंथातून त्यांनी घेतला होता.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९०६ पासून ट्रान्सवालमध्ये सत्याग्रह चालू होता. शेकडो हिंदी माणसे तुरुंगात जात होती आणि मागे त्यांच्या बायकामुलांच्या पोटाचा प्रश्न उभा राही. ही सर्व कुटुंबे एका ठिकाणी राहिली आणि स्वतःच्या कष्टाने जगली, तर लढा कितीही काळ चालवता येईल, असे गांधीजींना वाटले. त्यांचे एक मित्र होते हर्मान कॅलनबाख. जन्माने जर्मन, धर्माने ज्यू, धंद्याने वास्तुशिल्पज्ञ. त्यांची प्राप्ती मोठी आणि राहणी पूर्वी चैनीची होती. १९१० साली त्यांनी जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर सुमारे ११०० एकरांचा मळा घेतला आणि सत्याग्रही कुटुंबांना राहावयास दिला. भाडे काही घेतले नाही. मळ्यात फळझाडे सुमारे हजार होती, दोन विहिरी होत्या, एक झरा होता. रशियातील थोर लेखक टॉलस्टॉय यांचे नाव या मळ्यास देण्यात आले.

या नावातही एक योगायोग आहे. टॉलस्टॉय हे उमराव घराण्यातील. मोठमोठ्या कादंबऱ्या लिहून जगभर कीर्ती मिळवलेले. परंतु उतारवयात ते एका चर्मकाराजवळ बसून जोडे शिवण्यास शिकले होते, आणि फेत नावाच्या आपल्या कविमित्रासाठी त्यांनी बूट तयार केले होते. ज्या वर्षी आफ्रिकेत त्यांच्या नावाचा मळा सुरू झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे निधन झाले.

टॉलस्टॉय मळ्यावर गुजराती, तमिळ, तेलुगू, उत्तर हिंदुस्थानी, असे सर्व प्रांतांचे लोक होते. हिंदू, मुसलमान, पारशी व ख्रिस्ती एकत्र राहत, एकाच पंगतीस बसत. नोकर एकही नव्हता. स्वयंपाकापासून भंगीकामापर्यंत सारे काम मंडळी वाटून घेत. नियम असा होता, की खासगी कामासाठी जोहान्सबर्गला जाणाऱ्याने पायीच जावे. गाडीभाडे मिळणार नाही. रात्री दोन वाजता उठून, बरोबर शिदोरी घेऊन, मंडळी २१ मैल चालत जात. इतकी चाल करावयाची म्हणजे पायांत काही हवे. विलायती बूट महाग. शिवाय त्या हवेत ते तापत. उघडी, पट्ट्यांची चप्पल बरी. पण ती शिवावयाची कोणी? मळ्यात हे काम कोणासच येत नव्हते.

डर्बनच्या बाजूस पाइनटाउनजवळ मेरियनहिल नावाचा मठ होता. ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी तो १८८२ साली स्थापन केला होता. हे साधू मौन पाळीत, शाकाहार करीत आणि सुतारकाम, लोहारकाम, कातडे कमावणे, जोडे शिवणे, अशी कामे स्वतः करून तेथील आफ्रिकी मुलांना शिकवीत. गांधीजी १८९५ साली हा मठ पाहून आले होते व तेथील कामाने फार प्रभावित झाले होते. कॅलनबाख या मठात गेले आणि साधूंच्या हाताखाली बसून चप्पल शिवण्याची विद्या शिकून आले. मोठमोठ्या इमारतींचे नकाशे काढणारा हा माणूस मळ्यावर परतला तो चपलेचा नकाशा शिकून! गांधीजी त्यांचे पहिल्या शिष्यांपैकी एक झाले.

चप्पल शिवणे पाहताना सोपे वाटते. प्रथम कागदावर पाऊल ठेवून त्याभोवती रेघ ओढावयाची. हा झाला नमुना. तो चामड्यावर ठेवून रापीने तळ कापावयाचा. रापी म्हणजे चर्मकाराची रुंद पात्याची सुरी; ती चामड्यावर एकाच दमात फिरली पाहिजे, थांबली की कड दातेरी होते. जाड चामडे कोरडे असताना हट्टी असते, म्हणून ते थोडे भिजवून नरम करावे लागते. फार भिजले तर मग वाळताना आकसते. तळाच्या थरांमध्ये पट्ट्यांची टोके बसवावयाची, ठोकावयाची, आणि मग शिवण घालावयाची. चामड्यातून सुई आपली आपण जात नाही. आधी आरीने भोक पाडावे लागते. ही आरी दर वेळी त्याच तिरप्याने आणि त्याच अंतरावर घुसली पाहिजे. दोरा मेणावरून ओढून घेतात, म्हणजे तो टाक्यात घट्ट बसतो व पाण्याने लवकर कुजत नाही. एकाच दोऱ्याची दोन्ही टोके दोन सुयांत ओवून, एकाच भोकातून समोरासमोर काढून घातलेली शिवण सर्वांत पक्की. तिच्यातला एक टाका तुटला तरी दुसरी बाजू धरून राहते. यंत्राच्या शिवणीचे तसे नसते. तिचा एक धागा तुटला, की ती पुढे उसवत जाते.

नवशिक्याचे हाल असे होतात, की डोळ्याला रेघ दिसते आणि हात ती सोडून जातो. एक टाका आवळला जातो, दुसरा सैल राहतो, आरी चामड्याऐवजी बोटात जाते. येथे स्वतःचाच अनुभव सांगतो. श्रीरामपुरात आमच्या जुन्या घराजवळच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे मी चपलेचा अंगठा शिवावयास दिला होता. तेव्हा मी मुख्याध्यापक होतो. गंमत म्हणून त्यांच्याकडून आरी मागून घेतली. मराठी साहित्यात एम. ए. झालेल्या मला चार टाके एका रेषेत घालता आले नाहीत. त्यांनी काही न बोलता ते उसवले आणि पुन्हा घातले, तेवढ्यात माझा रुमाल बोटाभोवती गुंडाळून झाला होता. त्या दिवसापासून चपलेच्या शिवणीकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो.

गांधीजींनी मात्र काम सोडले नाही. नाच आणि व्हायोलिन त्यांनी सोडले, कारण ते दिखाव्यासाठी होते. चपलांची मळ्यावर रोज गरज होती. १९११ साली फिनिक्स येथे राहणाऱ्या मगनलाल या आपल्या पुतण्यास त्यांनी एक पत्र लिहिले. आपण हल्ली बहुतेक वेळ चपला करण्यात घालवतो, हे काम आपल्याला आवडते आणि सुमारे पंधरा जोड तयार झाले आहेत, असे त्यात त्यांनी कळवले. पुढे त्यांनी सूचना केली, की नव्या चपला हव्या असतील तेव्हा मापे पाठवावीत, आणि पट्टा जेथे बसवावयाचा तेथे, म्हणजे अंगठ्याच्या व करंगळीच्या बाहेरच्या बाजूस, खुणा कराव्यात. हे पत्र वाचताना आपण एखाद्या वकिलाचे नव्हे, तर गिऱ्हाइकाकडून नेमके माप मागणाऱ्या कारागिराचे पत्र वाचत आहोत, असे वाटते. पट्टा अर्धा बोट पुढेमागे झाला तर पाय सोलतो, हे त्यांना आता पुस्तकातून नव्हे, हातातून कळले होते.

जे शिकले ते त्यांनी मळ्यावरील तरुणांना शिकवले. तयार चपला मित्रमंडळींना विकूही लागले. पुढे या दिवसांची हकिकत लिहिताना गांधीजींनी मोकळेपणाने नमूद केले, की आपले पुष्कळ विद्यार्थी या कलेत आपल्याला सहज मागे टाकून गेले. गुरूने हे कबूल करावे, आणि तेही आनंदाने, ही गोष्ट मला त्या पंधरा जोडांहून मोठी वाटते.

१९१३ साली लढ्याने उग्र रूप धारण केले. हिंदी मजुरांवरील तीन पौंडांचा कर रद्द व्हावा म्हणून हजारो खाणकामगार व त्यांची कुटुंबे ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे पायी निघाली. गांधीजींना अटक होऊन सश्रम कारावासाची शिक्षा झाली. तुरुंगातही त्यांचे हात रिकामे राहिले नाहीत. त्या दिवसांतल्या एका चपलेच्या जोडाविषयी शेवटी सांगेन. १९१४ साली सरकारशी समझोता झाला, कर रद्द झाला, आणि जुलै महिन्यात गांधीजींनी दक्षिण आफ्रिका सोडली.

१९१५ साली ते हिंदुस्थानात परतले आणि अहमदाबादजवळ कोचरब येथे आश्रम स्थापन केला. थोड्याच महिन्यांत दूदाभाई नावाचे एक अस्पृश्य गृहस्थ पत्नी व लहान मुलीसह आश्रमात राहावयास आले. अहमदाबादेत खळबळ उडाली. पैशांची मदत बंद झाली, विहिरीवर पाणी भरताना शिव्याशाप ऐकावे लागले. आश्रमातल्या आश्रमातही नाराजी होती. कस्तुरबांनासुद्धा आरंभी हे रुचले नाही. गांधीजी ढळले नाहीत. प्रसंग पडल्यास अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन राहू आणि मजुरी करू, असा त्यांनी निश्चय केला होता. मजुरी म्हणजे काय, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते, म्हणून त्या बोलण्याला वजन होते.

पुढील काळ देशाच्या स्वातंत्र्यलढ्याचा आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही. १९३० साली साबरमतीहून दांडीपर्यंतची सुमारे २४० मैलांची वाट ते चालून गेले, तेव्हा त्यांचे वय ६० वर्षांचे होते. १९३४ नंतर ते आपल्या महाराष्ट्रात वर्ध्यास येऊन राहिले आणि १९३६ पासून जवळच्या शेगाव या खेड्यात. त्याच खेड्याचे पुढे सेवाग्राम झाले.

वर्ध्याच्या काळात चामड्याचा विषय त्यांनी पुन्हा हाती घेतला. परंतु आता प्रश्न मोठा होता. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे ९ कोटी रुपयांचे कच्चे कातडे हिंदुस्थानातून परदेशी जात होते आणि त्यातील बरेचसे तयार मालाच्या रूपाने परत येथेच विकले जात होते. खेड्यातील कातडे कमावणाऱ्यास ना शास्त्र शिकावयास मिळे, ना मान. खेड्यात जनावर मेले, तर त्याचे कातडे, हाडे, चरबी, मांस यांचा नीट उपयोग होत नसे, आणि ते काम करणाऱ्यास घाणीत राहावे लागे. रसायनशास्त्र जाणणाऱ्यांनी खेड्यात जाऊन हा धंदा स्वच्छ व किफायतशीर करावा, असे गांधीजी आग्रहाने लिहीत. वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवले. मारलेल्या जनावराचे नव्हे, तर आपोआप मेलेल्या जनावराचेच कातडे तेथे कमावीत. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनीही हेच व्रत घेतले. उच्च शिक्षण घेतलेल्या या ब्राह्मण गृहस्थांनी गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद केला, आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सफाईच्या व चामड्याच्या कामास वाहून घेतले. १९३७ साली वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची जी योजना झाकिर हुसेन यांच्या समितीने आखली, तिच्यात सूतकताई, सुतारकाम, शेती यांच्याबरोबर चर्मकामही होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गांधीजींनी चामडे हाती घेतले ते स्वतःच्या इच्छेने, आणि मनात आले असते तर ते काम सोडून ते पुन्हा वकिली करू शकले असते. चर्मकाराच्या घरी जन्मलेल्या मुलास तशी मोकळीक नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत आपल्या बांधवांना उपदेश केला तो निराळा. मेलेली जनावरे ओढण्याचे, मृतमांस खाण्याचे सोडून द्या, मुलांना शिकवा, जन्माने गळ्यात पडलेल्या कामातून बाहेर या, असे त्यांचे सांगणे होते. काम हलके नाही, असे गांधीजी सांगत होते. पण माणसाला आपले काम निवडता आले पाहिजे, हा बाबासाहेबांचा मुद्दा होता. दोघांत या व इतर प्रश्नांवर तीव्र मतभेद झाले. मला स्वतःला बाबासाहेबांचा प्रश्न अधिक मुळाशी जाणारा वाटतो. आणि गांधीजींच्या हातांतील आरीबद्दलचा आदर त्यामुळे कमी होत नाही. २६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. गांधीजी तो दिवस पाहू शकले नाहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीस प्रार्थनेला जात असता त्यांची हत्या झाली होती.

आता त्या जोडाची हकिकत. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचे मुख्य प्रतिपक्षी होते जनरल स्मट्‌स. ते सरकारातील मातबर मंत्री होते. गांधीजींना एकदा नव्हे, अनेकदा तुरुंगात जावे लागले ते यांच्याच राजवटीत. वाटाघाटीत दोघांची पुष्कळदा गाठ पडे. वाद होत, करार होत, मोडत, पुन्हा होत. तुरुंगात असताना गांधीजींनी स्वतःच्या हाताने चपलांचा एक जोड तयार केला, आणि देश सोडून निघताना तो स्मट्‌स यांना भेट म्हणून दिला. ज्याने तुरुंगात टाकले त्याच्याच पायांसाठी! स्मट्‌स यांनी तो जोड कपाटात ठेवून दिला नाही. आपल्या शेतावर, उन्हाळ्याच्या दिवसांत, ते या चपला वर्षानुवर्षे वापरीत राहिले.

१९३९ साली गांधीजींना ७० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने डॉ. राधाकृष्णन यांनी एक गौरवग्रंथ संपादित केला, आणि त्यासाठी स्मट्‌स यांनीही लेख पाठवला. हा जोड आपण पुष्कळ उन्हाळे घातला, परंतु एवढ्या थोर माणसाच्या वहाणांत पाय घालण्याची आपली योग्यता नाही, अशा आशयाचे त्यांनी त्यात लिहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युरोपात महायुद्ध पेटले आणि स्मट्‌स दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान झाले. गांधीजी तेव्हा सेवाग्रामच्या मातीच्या झोपडीत राहत होते. वाढदिवसाची स्नेहभेट म्हणून स्मट्‌स यांनी तो जुना जोड, पंचवीस वर्षांनी, शिवणाऱ्याकडे परत पाठवला.